सोळा घरांचा ठेका

तबला आमच्या सोप्यापर्यंत आला, उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. सासूबाईंचा नियमच तसा होता. पट्टा आणि पाकीट बाहेर काढून ठेवल्याशिवाय आपण बस्तीत पाऊल टाकत नाही, मग बकऱ्याच्या कातड्याची पुडी आणि तिला ताणून धरणारी वादी देवापुढे कशी चालेल, असे त्या विचारीत. पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे वाजत तेव्हा त्या पुढे होऊन बघत, पण तो रस्ता होता. घर म्हणजे घर. आमच्या श्राविका मंडळाची स्तवने असली की गावातले तबलजी मामा सोप्यात घोंगडीवर बसत, आम्ही बायका आत माजघरात, आणि मधल्या उघड्या दारातून ताल आत येई. मामा वारकरी भजनातले, त्यांना आमची स्तवने पाठ नव्हती. पण दोन ओळी ऐकल्या की ठेका धरीत.

मी माहेरी बेळगावात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या होत्या. लग्न होऊन गुंजीला आले तेव्हा तंबोरा बरोबर आणला, तबला आणणे शक्यच नव्हते. शिवाय आमच्याकडचा पाऊस. लोंढा-मिरज मार्गावर खानापूर सुटले की झाडी दाट होत जाते आणि मग आमचे स्टेशन येते. जूनपासून भिंतींना ओल, पापडाला ओल, माणसांच्या बोलण्यालासुद्धा ओल. कातड्याची पुडी या हवेत उतरते, हातोडीने कितीही ठोकले तरी सूर धरत नाही. तेव्हा रियाजासाठी ह्यांनी बेळगावहून एक डबा आणून दिला. रॅडेलचा ‘तालमाला’. ही कंपनी बंगळूरची, आणि ती उभी करणारे जी. राज नारायण हे अभियंता खरेच, पण बासरीही वाजवणारे. त्यांनी आधी श्रुतीपेटी आणि तंबोरा विजेवर आणले, मग तबला. डब्याला चार-पाच खुंट्या. ताल निवडायचा, लय ठरवायची, आपल्या षड्जाला तबल्याचा सूर मिळवायचा, आवाज लहानमोठा करायचा. पहिल्या दिवशी मी त्रिताल लावला. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, डब्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “वाजवणारा दिसत नाही. देवदुंदुभीच आली म्हणायची!” तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांतली ती दुंदुभी, आकाशात देव वाजवतात ती. त्या दिवसापासून डब्याला आमच्या घरात तेच नाव पडले.

आज मी लिहिते आहे ते या दुंदुभीबद्दल आणि तिच्या परदेशी भावंडांबद्दल. तालयंत्रावर टीका करायची तर एक तयार वाक्य सगळ्यांच्या ओठांवर असते, यंत्रात जीव नसतो. मला हे वाक्य आळशीपणाचे वाटते. तंबोऱ्याच्या भोपळ्यात तरी कुठे जीव असतो? पाटा-वरवंट्याऐवजी मिक्सर आला तेव्हाही चटणीबद्दल हेच बोलले गेले, आणि बोलणाऱ्या बहुतेकांनी पाट्यावर कधी वाटलेले नव्हते. डबा काय वाजवतो, काय वाजवत नाही, आणि त्याच्यात ते भरणाऱ्याने काय ऐकून भरले, हे बघितल्याशिवाय त्याला बरे-वाईट म्हणण्याचा अधिकार पोचत नाही. मीही वीस वर्षे नुसती खुंटी फिरवत होते. आत काय चालते ते मला गेल्या वर्षी कळले, आणि तेही भाच्यामुळे.

भाचा बेळगावात ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. आठ रबरी चौकोन, काठीने मारले की ढोलकीपासून बंदुकीपर्यंत हवा तो आवाज. गावोगावच्या जत्रेत ज्याच्याशिवाय स्टेज उभे राहत नाही ते हे वाद्य. ते हाताने वाजवायचे, त्यामुळे ते वाद्यच आहे. पण दिवाळीत तो दुसरेच काही घेऊन आला. पुस्तकाएवढे यंत्र, खाली एका ओळीत सोळा रंगीत बटणे. रोलंड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे तालयंत्र काढले होते, त्याचीच ही त्या कंपनीने २०१७ मध्ये पुन्हा काढलेली छोटी आवृत्ती. मूळ यंत्र तीनच वर्षे निघाले, साधारण बारा हजार नग. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते, दुसऱ्यांनी नापास म्हणून बाजूला काढलेले. त्या खराब मालातून तो चरचरीत आवाज निघे. पुढे कारखान्यांतला माल सुधारला, नापास तुकडे मिळेनासे झाले आणि यंत्र बंद पडले. ही गोष्ट ऐकून मला फार बरे वाटले. शिळ्या भाकरीचा कुस्करा ज्यांना जमतो त्यांना ती कळेल.

या यंत्रात काही वाजवायचे नसते, भरायचे असते. सोळा बटणे म्हणजे सोळा घरे. आधी आवाज निवडायचा, समजा ढोल. मग ज्या घरात ढोल हवा ते बटण दाबायचे, दिवा लागतो. मग दुसरा आवाज, पुन्हा त्याची घरे. चालू केले की उजेडाचा ठिपका पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत धावतो, पुन्हा पहिल्यावर येतो, आणि जिथे जिथे तुम्ही दिवा लावला आहे तिथे वाजते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. भाच्याने चार-चार घरांवर ढोल लावून डिस्को वाजवून दाखवला. मी म्हटले, “अरे, हा तर त्रिताल.”

“त्रिताल कसा, मावशी? हे चार बीट नव्हे की.”

“सोळा घरे आहेत ना? मग त्रिताल.”

तो हसला आणि यंत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “भरा की मग.”

मी भरायला बसले. डग्ग्यासाठी यंत्रातला मोठा ढोल घेतला, तबल्याच्या चाटीसाठी काठीचा कोरडा टक् आवाज. त्रिताल मला झोपेतही म्हणता येतो. पहिल्या मात्रेवर सम, पाचव्यावर टाळी, नवव्यावर खाली, तेराव्यावर टाळी. परीक्षेत हाताने दाखवायचा असतो. नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला उघडायचा. खाली म्हणजे डग्गा बंद, हे आम्हाला शिकवलेले. तेव्हा मी नऊ ते बारा या घरांतले ढोलाचे दिवे विझवले, तेरापासून पुन्हा लावले आणि चालू केले.

काहीतरी चुकले होते. मोजदाद बरोबर, पण ते त्रितालासारखे ऐकू येईना. रेल्वेचा डबा सांधा चुकून दुसऱ्या रुळावर जावा तसे. भाच्याला काही खटकले नाही. मी डोळे मिटून बोल म्हणत राहिले. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आले. नवव्या मात्रेवर बोल आहे ‘धा’. म्हणजे तिथे डग्गा आहे! हात उघडतो नवव्याला, पण डग्गा गप्प होतो दहाव्याला. आणि तेराव्या मात्रेला हात टाळी देतो तेव्हा बोल असतो ‘ता’. डग्गा अजून परतलेलाच नसतो, तो येतो चौदाव्याला ‘धिं’बरोबर. हाताचा हिशेब आणि डग्ग्याचा हिशेब यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. चाळीस वर्षे मी हा ताल हाताने देत आणि तोंडाने म्हणत आले होते आणि हे अंतर मला एकदाही दिसले नव्हते. मी नववा दिवा लावला, तेरावा विझवला. दहा, अकरा, बारा, तेरा ही चार घरे काळोखात ठेवली. लगेच त्रिताल उभा राहिला. चौदाव्या घरात डग्गा परत आला की गाणाऱ्याला कळते, सम आता तीन पावलांवर आहे.

म्हणून मी म्हणते, भरणाऱ्यासाठी हे यंत्र कठोर गुरू आहे. माणूस तबलजी चुकीला सांभाळून घेतो, यंत्र तुमची चूक जशीच्या तशी तुम्हाला ऐकवत राहते, थांबवेपर्यंत. मग मी रूपक भरला, सात मात्रांचा, घरे कमी करून. तिं तिं ना, धी ना, धी ना. रूपकाची गंमत अशी की त्याची समच खाली आहे. पहिल्या तीन घरांत डग्गा नाही, तो चौथ्या आणि सहाव्यातच येतो. यंत्रात घाव जोराचा करण्याचे एक बटण आहे, सगळ्या आवाजांना मिळून एकच. परदेशी वहिवाट अशी की पहिल्या घरावर जोर द्यायचा. तो दिला की रूपकाचा कणाच मोडतो. जोर काढून टाकला, पहिले घर हलके केले, तेव्हा कुठे रूपक चालू लागला. यात यंत्राचा दोष काय? त्याला सांगितले ते त्याने केले. पण तयार डबे घेऊन आपण गातो तेव्हा कुणीतरी आपल्या आधी हे सगळे ठरवून ठेवलेले असते, आणि ते कुणी, कुठे बसून, काय ऐकत ठरवले हे आपण विचारतही नाही.

केरवा भरायला सगळ्यात सोपा, आणि तोच सगळ्यात फसला. धा गे ना ती, न क धी न. दर मात्रेला दोन घरे दिली, आठ मात्रांची सोळा घरे झाली. वाजले ते शाळेच्या कवायतीसारखे. स्तवनाचा केरवा असा ताठ नसतो, तो डुलतो. मात्रेचा दुसरा अर्धा भाग किंचित मागे रेंगाळतो, पहिल्याला थोडी जास्त जागा मिळते. भाच्याने एक खुंटी दाखवली. ही युक्ती अमेरिकेतल्या रॉजर लिन यांची. ८०८ ज्या वर्षी आले त्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी एलएम-१ नावाचे यंत्र काढले. खऱ्या ढोलांचे आवाज नोंदवून चिपमध्ये साठवणारे ते पहिले तालयंत्र. त्यात त्यांनी सम आकड्यांची घरे थोडी उशिरा वाजवण्याची सोय केली. खुंटी फिरवली की दुसरे, चौथे, सहावे घर मागे सरकते. आम्ही फिरवत गेलो आणि एका जागी आल्यावर केरवा खरोखर डुलू लागला. माझ्या हातातली वाटी खाली ठेवून मी ताल धरला. पण पाच मिनिटे झाली, दहा झाली, तो तेवढाच डुलतोय. तबलजीचा डुल ओळीनुसार बदलतो, ध्रुवपदावर आला की सैल होतो, अंतऱ्यात आवळला जातो. पाळण्याला दोरी बांधून विजेच्या मोटारीला जोडल्यासारखे ते झाले. मूल झोपेल, पण आईला कळेल.

डग्ग्याचेही तेच. ८०८ च्या ढोलाला घुमण्याची खुंटी आहे. ती वाढवली की घुमारा खरोखर डग्ग्यासारखा लांब जातो, जगभर या यंत्राचे नाव झाले ते त्या घुमाऱ्यामुळेच. पण तबलजी मनगटाचा तळवा पुडीवर सरकवतो आणि डग्गा स्वर वर चढवतो, जणू काही विचारतो. ते इथे नाही. माझ्या जुन्या तालमाला डब्यात तर डग्ग्याची ती चढण कायमची गोठवलेली आहे, दर आवर्तनात त्याच जागी तोच प्रश्न. अलीकडे मोबाइलवर प्रसाद उपासनी यांचे आय-तबला-प्रो आले आहे, मुली रियाजाला तेच वापरतात. त्याचा आवाज खऱ्या तबल्याच्या इतका जवळचा की दारातून येणारा पाहुणा आत डोकावतो. पण आवाज खरा झाला म्हणून साथ खरी होत नाही. साथ हा शब्दच बघा ना.

आता एका रेकॉर्डबद्दल सांगते. भाच्यानेच ती मोबाइलवर ऐकवली. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेमात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. साधने तीनच, ८०८ तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, तिन्ही रोलंडची. तेव्हा कुणी विशेष विचारले नाही. २०१० मध्ये हॉलंडच्या लोकांनी ती पुन्हा काढली आणि जगभर गवगवा झाला, की परदेशात काही वर्षांनी जन्मलेले नाचाचे संगीत या माणसाने मुंबईत आधीच करून ठेवले होते. २०१५ मध्ये ते वारले. उशिरा का होईना, हयातीत कौतुक पदरी पडले.

मी ती सबंध ऐकली, दोनदा. पहिल्यांदा स्वयंपाक करताना, आणि त्या कामाला ती फार छान आहे, पोळ्या भराभर झाल्या. दुसऱ्यांदा तंबोरा मांडीवर घेऊन. स्वरांचे काम प्रामाणिक आहे. भैरवी भैरवीसारखी येते, मधुवंतीतला कोमल गंधार आणि तीव्र मध्यम जिथल्या तिथे, कलावतीत नको तो स्वर लागत नाही. सिंथेसायझरचा सूर वाकवून मींड घेण्याची त्यांची हातोटी चांगली आहे, आणि खालून सतत फिरणारे ते खर्जाचे यंत्र कधी कधी तंबोऱ्यासारखे भासते. ‘रागाची विटंबना’ असे कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. पण ललत पहाटेचा, मालकंस रात्रीचा, मेघमल्हार पावसाचा, आणि दहाही रागांना एकच ढोल, दर चौथ्या घरावर. एक, पाच, नऊ, तेरा. ही चार घरे कोणती ते आठवा. सम, टाळी, खाली, टाळी! डिस्कोवाल्यांनी आणि आपल्या पूर्वजांनी तीच सोळा घरे आणि तीच चार खुणेची ठिकाणे निवडली. फरक इतकाच की डिस्को नवव्या घरावरही तेवढ्याच जोराने मारतो आणि पुढच्या चार घरांतून डग्गा उठवत नाही. डिस्कोला खाली नसते. त्यामुळे तिथे सम येत नाही, नुसता एक आकडा परत येतो. दूर कुणी गेलेच नाही तर परत येणार कोण? चरणजित सिंगांचे स्वर मधूनच थांबून कुणाची तरी वाट बघतात असे मला वाटले, आणि खाली ढोल आपला चाललेलाच. सबंध रेकॉर्डमधले खरे नाट्य तेच आहे, त्यांनी ते योजले असो वा नसो.

यावर कुणी म्हणेल की चांगला साथीदार सरळ ठेकाच तर धरतो, मग तो यंत्रासारखाच झाला. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व घ्या. त्यांना वर्षानुवर्षे वसंतराव आचरेकरांची साथ असे. त्या ध्वनिमुद्रणांत तबला शोधावा लागतो, इतका तो साधा. लग्गी नाही, लडी नाही, स्वतःचे काही दाखवणे नाही. पण कान देऊन ऐका. कुमार श्वास घ्यायला थांबतात त्या क्षणी ठेका किंचित भरीव होतो, स्वर लागला की मागे सरतो. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची धरली तर आवर्तन जवळजवळ पाऊण मिनिटाचे होते. इतक्या लांब वाटेवर चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचे ‘तिरकिट’ म्हणजे मैलाचे दगड. आचरेकर तो दगड दाखवतात, माझा डबा तो डोक्यात घालतो. दोघांचे बोल तेच.

हे सगळे कळायच्या कितीतरी आधी मी एक गोष्ट करून बसले होते. त्या वर्षी पाऊस फार होता. दशलक्षण पर्वात मंडळाची स्तवने होती आणि मामांनी निरोप धाडला की पुडी साफ उतरली आहे, दुसरी मिरजेहून यायची आहे. मी म्हटले, डबा आहे ना. केरवा लावला, सगळ्यांना आवडला. कातड्याचा प्रश्न नाही, कुणाला चहा-फराळ बघायचा नाही, सोप्यात परका पुरुष बसलाय म्हणून आवाज दबका ठेवायचा नाही. पुढच्या महिन्यात पुडी आली तरी मामांना निरोप गेला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. कुणी ठरवले नव्हते, पण डबा माझा होता. सासूबाईंनी एकदा विचारले, “मामा येत नाहीत हल्ली?” मी म्हटले, तुम्हालाच तर कातडे नको असते. त्या काही बोलल्या नाहीत.

कातड्याचा प्रश्न मी उडवून लावत नाही. अहिंसा हा आमच्याकडे पोथीपुरता शब्द नव्हे, चातुर्मासात ओली कणीक रात्रभर ठेवायची नाही हे मी रोज पाळते. भजनातल्या पखवाजाला लावायला शेजारचा मुलगा कणकेचा गोळा मागायला येतो, तोसुद्धा मी दिवस मावळायच्या आत देते. पण टी. एम. कृष्णा यांचे २०२० साली आलेले ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक वाचले आणि मी अस्वस्थ झाले. मृदंग घडवणाऱ्या, बहुतेक दलित ख्रिस्ती असलेल्या कारागिरांवर ते आहे. गाय, म्हैस, बकरी यांचे कातडे निवडणारे, घासणारे, त्याचा वास अंगावर वागवणारे हात वेगळे, आणि मैफिलीत नाव होणारे वेगळे. कातडे नको म्हणताना मला नेमके काय नको होते, जीव गेलेला नको होता की तो वास आणि ते हात नको होते? मामा सोप्यात, आम्ही माजघरात. या प्रश्नाचे उत्तर डब्याने दिले नाही, त्याने प्रश्नच घराबाहेर काढून टाकला. खरोखर जीवदयाच असती तर वेगळ्या वाटाही होत्या. बंगळूरच्याच डॉ. के. वरदरंगन यांनी कातड्याऐवजी कृत्रिम पडद्याचा मृदंग केला आहे. त्याला वाजवणारा माणूस लागतोच. आम्हाला तो वाचवायचा होता.

आणि मग आक्का. आमच्या मंडळातल्या सर्वांत वडील, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा आवाज पातळ पण सुरेल, एका स्तवनाची चाल त्यांच्याशिवाय कुणाला पुरी येत नाही. ओळ लांब, त्यांना मधे दम घ्यावा लागतो. मामा असताना त्या थांबत तेव्हा मामा एक छोटा तुकडा वाजवून तेवढी जागा भरून काढीत, कुणाला कळतही नसे की आक्का थांबल्या. डबा आल्यावर त्या दोनदा मागे राहिल्या. बाकीच्या पुढे गेल्या, कारण डबा पुढे गेला होता. मग त्या नुसते ओठ हलवू लागल्या. किती महिने, मला सांगता येणार नाही. ते मला दिसले याच वर्षी, यंत्रावर ती चार काळोखी घरे भरल्यानंतर. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्या कानाला त्यांचा आवाज आलाच नाही. विचारले तर म्हणाल्या, “गळ्यात काय बी नाही ग आता. आणि ते थांबतंय कुठं?”

मी खुंटीने लय उतरवून बघितली. मग सगळेच रडवे झाले. भाच्याला फोन केला, तो म्हणाला पायाने दाबायचे बटण मिळते, आक्का थांबल्या की तुम्ही थांबवा. दोन वेळा करून पाहिले. यंत्र थांबते म्हणजे ताल तुटतो, पुन्हा सुरू होते ते पहिल्या घरापासून, आक्का मात्र ओळीच्या मधे. त्या घाबरून माझ्या पायाकडेच बघत राहिल्या.

मागच्या आठवड्यात मी मामांच्या घरी गेले, माऊलीच्या देवळाच्या बाजूला. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेले होते. त्यांनी बाज पुसून दिली. बोलायला सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून भाच्याचे ते यंत्र पिशवीतून काढले आणि मी भरलेला त्रिताल त्यांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून तीन आवर्तने ऐकली, गुडघ्यावर बोटे चालू होती. नवव्या घराशी एकदा मान हलली. मग म्हणाले, “बरोबर हाय. तेराव्याला डग्गा न्हाई ठेवला, चांगलं केलंसा. कुणी सांगितलं?”

मी म्हटले, कुणी नाही, यंत्राने. आणि मग पर्युषणाचे बोलणे काढले. सोप्यात नको, आत माजघरातच बसा, असेही सांगितले. सासूबाई आता नाहीत, विचारायचे होते ते मला माझ्याशीच विचारायचे होते. मामा उठून कोपऱ्यात गेले, फडक्यात गुंडाळलेला डग्गा काढला आणि बोटाने टिचकी मारली. भद् असा आवाज आला.

“वादी बदलावी लागंल,” ते म्हणाले. “आक्का अजून गातात न्हवं?”